अडगी मनीचा खर्च

पतपेढीतली हिशेबनिशी संपली तरी बाळाप्पांची बोटं शिवशिवायची. थोरली मुलगी प्रेरणा नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर उचगावच्या घरीच राहिला. २००४ च्या दिवाळीत आली तेव्हा तिनं त्यात घरखर्चाचा एक प्रोग्रॅम घालून दिला. तो फुकट होता, शिवाय कुणालाही आतलं उघडून बदलता येत होतं. रुपया निघाला कुठनं आणि गेला कुठं, दोन्हीकडं नोंद होते हे बघून बाळाप्पांना जुना सोबती भेटल्यासारखं झालं. ठेवी, विम्याचे हप्ते, दूध, गॅस, सगळं त्यांनी त्यात चढवलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर बायकोनं, चन्नम्मानं, सांभाळलं. ती चिकोडीकडची, कन्नड शाळेतली. मराठी वाचायला लग्नानंतर दुकानांच्या पाट्यांवरनं शिकली, इंग्रजी राहूनच गेलं. विम्याचा हप्ता कधी भरायचा हे बघायला ती दोनदा कॉम्प्युटरसमोर बसली आणि तशीच उठली. बाळाप्पा घरी आल्यावर शांतपणे म्हणाली,

"सगळं घर त्या पेटीत घातलासा, आणि किल्ली इंग्रजीत ठेवलासा."

ते त्यांना लागलं. त्यांनी प्रेरणाला फोन केला. पडद्यावरचे शब्द एका वेगळ्या फाईलीत असतात, ते बदलता येतात, असं तिनं सांगितलं आणि पुढच्या रविवारी येऊन दाखवलंही.

मग रोज दुपारची जेवणं झाली की दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसू लागली. बाळाप्पांनी ऐटीत 'हस्तांतरण' लिहिलं.

"असं कुणाच्या घरात बोलत्यात?" चन्नम्मानं विचारलं.

तिथं 'हिकडचं तिकडं' आलं. शिल्लक म्हणजे 'हातात राहिलं'. स्वयंपाकघराच्या खात्याला तिनं आपल्या कन्नडातलं नाव दिलं, 'अडगी मनी'. व्हाउचरवरच्या एका चुकीच्या शब्दासाठी कारकुनांना झापणारे बाळाप्पा आधी कुरकुरले, मग मुकाट टाईप करू लागले. वर्षभरात गॅसचे पैसे दिले का, हे तेच तिला विचारू लागले.

२००९ मध्ये ते मशीन बंद पडलं. प्रेरणानं लॅपटॉप आणला. हिशेब आला, खात्यांची नावं आली, मेनूतले मराठी शब्द मात्र मागंच राहिले, तिथं पुन्हा इंग्रजी आलं. चन्नम्माचं काही अडलं नाही, एव्हाना तिला बटणांच्या जागा पाठ होत्या. चुकल्यासारखं वाटलं ते बाळाप्पांना. त्यांना त्या दुपारी आठवायच्या. लाईट गेलेली, पडदा काळा, आणि तरी दोघं तिथंच बसून 'उसनं' की 'हातउसनं' यावर भांडत असलेली.