मामांची नखाएवढी भट्टी

पोलाद तापवलं की वाकतं; आमचे मामा तापले की आणखी ताठ होत. भिलाईत त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. रिटायर झाल्यावरही कारखान्यातले सेफ्टी शूज घालून ते वैशाली नगरातल्या लग्नांना जात, आणि मे महिन्यात, भर दुपारी, मरोद्याहून आमच्या हुडकोच्या घरी स्कूटरनं येत. ऊन लागेल म्हटलं, की म्हणत, "उनाले सांग, मामा लागन म्हणून!"

अशा माणसाच्या हाडांनी एके दिवशी रक्त बनवणंच सोडलं. मामांना रोगापेक्षा त्या बेशिस्तीचा राग जास्त आला. रायपूरच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तेव्हा थोडी प्रयोगशाळेसाठीही मागितली. तिथल्या संशोधक मुलीनं त्यांना नखाएवढा सच्छिद्र तुकडा दाखवला. यात मज्जेच्या पेशी वसवायच्या, बारीक नळीतून अन्नपाणी द्यायचं, म्हणजे आपण हाडातच आहोत असं त्यांना वाटतं. मग त्या पेशींवर औषधं वापरून पाहायची. नोकरीभर भट्ट्यांना आतून विटा लावलेले मामा खूश झाले. "म्हंजे भट्टीच बांधून राहिल्या तुमी! अस्तर पक्कं ठेवजा." याचा उपयोग तुम्हाला नाही, पुढच्या रुग्णांना होईल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. "मले उपयोग नाही पाहिजे, बाई. मले ते चालू पाहिजे."

मग रोज सकाळी तिला फोन. तिसऱ्या आठवड्यात पेशी मेल्या. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. मामींनी बजावलं, तपासणीपुरतं ठीक, त्या पोरीसाठी आता हाड टोचून घ्यायचं नाही. "पयली भट्टी फसली म्हणून कारखाना बंद करते का कोणी?" म्हणत मामांनी पुढच्या तपासणीत एक सिरिंज जास्त काढायला लावली आणि चार दिवस पालथे झोपले. मामी चारही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नुसत्या उशा सारख्या करत राहिल्या.

या पेशी टिकल्या. मामा टिकले नाहीत.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. पेशी अजून जिवंत आहेत. ठेवायच्या की बंद करायचं, ते घरच्यांनी सांगावं. मी चाचरत मामींकडे पाहिलं. त्यांनी फोन हिसकावलाच. "बंद? कावून बंद? एवढं दुखवून घेतलं त्यायनं! कोणी बंद करा म्हणलं त माझं नाव सांगजो!"

मला रडू आवरेना. मामींनी मात्र फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "खायले काय देतेस वं त्यायले?"