केसभर रुंद

अक्षरजुळणी करणाऱ्या त्या माणसाला सगळे खटपट्याच म्हणत. त्याचं बूड एका जागी टिकत नसे. संगणक सुरू व्हायला नऊ मिनिटं लागत आणि तेवढ्यात तो तीनदा उठून खिडकी उघडे, लावे, वायरी हलवून पाही. दोष संगणकाचा नव्हता. वीस वर्षांत चार संगणक झाले आणि दरवेळी त्याने जुन्यावरचे सगळे फॉन्ट नव्यावर ओतले. आता ते दोन हजार तीनशे झाले होते.

“माणसं एवढी जपली असतीस तर,” बायको म्हणे.

एका रविवारी त्याने मनावर घेतलं. सारखे दिसणारे फॉन्ट शोधले, प्रत्येकी एक ठेवला, बाकीचे कायमचे उडवले. संगणक चाळीस सेकंदांत सुरू झाला. त्या आनंदात तो संध्याकाळपर्यंत उगाचच तो बंद-चालू करत राहिला.

सोमवारी निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. त्यांचा वनस्पतिकोश त्यानेच चौदा वर्षांपूर्वी जुळवला होता. दुसरी आवृत्ती गुरुवारी छापायला जाणार होती. फाइल उघडली. मजकूर जागेवर होता, पण पानं तीनशे बाराऐवजी तीनशे एकोणीस.

त्याने फॉन्टची यादी उघडली. कोशात वापरलेल्या फॉन्टच्या एकाच नावाच्या दोन आवृत्त्या होत्या. जुन्या पुस्तकांसाठी जुनी चालू करायची, हा त्याचाच शिरस्ता. झाडलोटीच्या भरात तिच्यावरच झाडू फिरला होता. नवीची अक्षरं केसभर रुंद.

“सात पानांनी काय बिघडतं?” बाई म्हणाल्या.

“बाई, तुमची सूची.”

बाई खुर्चीत बसल्या. अडीच हजार झाडांची नावं, प्रत्येकापुढे पानाचा आकडा. “दोन उन्हाळे घातलेत मी त्यात. आता डोळे कुठे राहिलेत तेवढे?”

जुनी हार्ड डिस्क मेलेली, सीडींवर ओरखडे. तो खोलीत येरझारा घालू लागला आणि मध्येच थबकला. तिसरा संगणक! तो बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानात दिला होता. तो तसाच चपला अडकवून निघाला.

“ताई, तो संगणक कुठाय?”

“अस्तराच्या गठ्ठ्याखाली. आठ महिन्यांनी भाऊ आला, तोही डबड्याला भेटायला!”

“चालतो ना?”

“तुझ्यासारखाच. कुरकुरतो, पण चालतो.”

तो सुरू होईस्तोवर खटपट्याने बहिणीची सगळी बटणं रंगांप्रमाणे लावून टाकली. फॉन्ट होता.

तासाभरात बाईंसमोर फाइल उघडली. तीनशे बारा. बाईंनी सूचीतून एक झाड काढलं, आकडा पाहिला, पान उलटायला लावलं. झाड तिथेच होतं. मग दुसरं. मग तिसरं. पाचव्यानंतर त्यांनी चष्मा मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पाहिलं, तर खटपट्या खिडकी उघडत होता, लावत होता.

“एकच फॉन्ट आणायला गेला होतास ना?”

“हो.”

“मग?”

“बाकीचेही तिथेच होते गं,” तो म्हणाला आणि वायर हलवायला वाकला.