बियाणे मंडळाचे संकेतस्थळ : खरी हकिकत

"आमच्या दाजींनी नातीच्या मंडळाची वेबसाइट हातात घेतली, अन् दोन दिवसांत पोरीचं लगीन लावून मोकळे झाले. मुक्तानं निस्तरलं म्हणून बरं."

हे विधान माझे मेहुणे रंगनाथराव, मुक्काम सोनपेठ, यांचे आहे. आजवर ते त्यांनी तीन बारशांत, दोन साखरपुड्यांत आणि एका तेराव्याच्या पंगतीत केलेले आहे. (तेराव्याला लोक हसले, याचे पातकही त्यांच्याच माथी.) मी बत्तीस वर्षे मुख्याध्यापक होतो. चुकीचे उत्तर फळ्यावर तसेच ठेवून वर्गाबाहेर पडणे मला कधी जमले नाही. म्हणून ही खरी हकिकत लिहून ठेवतो.

मुक्ता ही माझ्या मुलाची मुलगी. परभणीला विद्यापीठात शेतीची पदवी घेते आणि वसतिगृहात राहते. तिने आणि तिच्या चार सोबत्यांनी मिळून एक देशी बियाणे मंडळ काढले. ही पाच मुले सुटीच्या दिवशी खेडोपाडी हिंडत, कोणा म्हाताऱ्याकडे जुन्या वाणाची ज्वारी, राळे, अंबाडी, जे मूठभर मिळेल ते मागून आणत आणि कोणी दिले, कोठले, कधीपासूनचे, हे टिपून ठेवत. बियाणे ठेवायला जागा नव्हती. ते सारे मुक्ताच्या खाटेखाली, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत. त्यांतले राळे उंदरांनी संपवले त्या दिवशी ही पोरगी फोनवर रडली होती, आणि ती सहसा रडणारी नव्हे.

मुलांनी विद्यापीठाकडे एक खोली आणि एक लोखंडी कपाट मागितले. समितीने सांगितले, "शनिवारी अकरा वाजता येतो. मंडळाचे संकेतस्थळ दाखवा, आणि शेतकरी खरोखर तुमच्यासोबत आहेत हेही दाखवा. नाहीतर सोमवारी खाटेखालचे डबे उचला." म्हणजे खोली मिळाली तर बियाणे राहणार, नाही मिळाली तर उंदीर राहणार. इतका साधा मामला होता.

संकेतस्थळ सामायिक होते. पाचही जणांना त्यावर लिहिण्याचा सारखा हक्क. एकाने लिहिले की ते साऱ्या जगाला दिसणार. सहावा हक्क मुक्ताने मला दिला. बुधवारी ती पेडगावला घरी आली, माझ्या फोनमध्ये पासवर्ड घालून दिला आणि म्हणाली, "आबा, आमी पाचीजण दोन दिवस येलदरीच्या पलीकडच्या गावांत जायलोय. तिकडं रेंज नसती. तुमी तेवढं शुद्धलेखन बघून ठेवा. दुसरं काही करू नका."

शेवटचे वाक्य ती बोलली होती, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. मी त्या वेळी चष्मा शोधत होतो.

गुरुवारी सकाळी स्नान उरकून मी ते पान उघडले. पहिलीच ओळ होती, 'हाय मित्रांनो, आम्ही आहोत बियाणेवेडे!' आता मला सांगा, समितीसमोर जाणारा मजकूर असा असावा काय? आमच्या गावात गेली चाळीस वर्षे एकही लग्नपत्रिका माझ्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलेली नाही. कोणाला 'श्री.' लावायचे, कोणाला 'ह.भ.प.', कोणता चुलता कोणत्या चुलत्याच्या वर, हे ठरवताना मी मोडू पाहणारी दोन लग्ने वाचवलेली आहेत. त्या अनुभवाला स्मरून मी नवा मजकूर रचला. तो असा :

'॥ श्री ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून, आमची नात चि. सौ. कां. मुक्ता (सचिव) आणि येलदरीनिवासी श्री. किसनराव यांचे ज्येष्ठ सुपुत्र चि. समाधान (अध्यक्ष) यांच्या देशी बियाणे मंडळाच्या संकेतस्थळाचा शुभारंभ शनिवारी सकाळी अकरा वाजता परभणीस विद्यापीठाच्या सभागृहात योजिला आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.'

यात लग्न कोठे आहे? 'चि. सौ. कां.' हे नववधूच्या नावाआधी लिहितात, हे मला रंगनाथरावांनी शिकवू नये. परंतु चाळीस वर्षे हाताला एकच वळण असेल, तर मुलीचे नाव आले की तो हात आधी ते लिहितो आणि मग विचारतो. शिवाय कंसात 'सचिव' आणि 'अध्यक्ष' हे शब्द स्वच्छ होते. ते कोणी वाचले असते तर पुढचे रामायण घडले नसते. पण आमच्याकडे पत्रिका कोणी वाचत नाही. पत्रिकेत आपले नाव शोधतात.

मी तो मजकूर प्रसिद्ध केला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवला. सोबत लिहिले, 'काही राहिले असल्यास कळवावे.' तिसऱ्या मिनिटाला सोनपेठहून फोन.

"दाजी, मामाचं नाव कुठंय?"

"कोणत्या मामाचे?"

"पोरीच्या बापाचा सख्खा मामा म्या. माझं नाव न्हाई म्हंजी काय? म्या मेलो का?"

"रंगनाथराव, हे मंडळाचे पान आहे."

"असंना. मंडळाला मामा नसतो व्हय?"

त्यांचा आवाज चढत होता, माझे जेवण निवत होते. मी त्यांना पासवर्ड सांगून टाकला. या साऱ्या प्रकरणात माझी चूक म्हणावी तर एवढी एकच. बाकीचा इतिहास सोनपेठचा आहे. दुपारपर्यंत पानावर 'आपले विनीत' या मथळ्याखाली रंगनाथराव, त्यांचे चार भाऊ, त्यांचे व्याही आणि गावचे दोन माजी सरपंच दाखल झाले. त्यांना जागा व्हावी म्हणून दगडी ज्वारीची माहिती खाली गेली, अंबाडी त्याच्याही खाली. चार वाजता 'स्वागतोत्सुक महिला मंडळ' आले. पाच वाजता सर्वांत खाली उमटले, 'आमच्या मुक्ताताईच्या कार्यक्रमाला यायचं हं!' आणि त्यापुढे नऊ बालकांची नावे. त्यांतले एक अजून जन्मलेले नव्हते. (ते पुढे मुलगी निघाले. नाव बदलावे लागले.)

मग येलदरीहून समाधानच्या वडिलांचा, किसनरावांचा फोन आला. मोठा मर्यादशील माणूस.

"गुरुजी, रामराम. आमच्या पोराचं लगीन धरलंय म्हणं."

"किसनराव, लग्न नव्हे. संकेतस्थळाचा शुभारंभ आहे."

"ते काय का असंना. आमालाच म्हाईत न्हाई, म्हणून इचारलं."

मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बराबर हाय. येतो आमी शनवारी. पोरगी कोन हाय ते तरी बगू."

शुक्रवारी संध्याकाळी मुक्ता आली. रेंजमध्ये शिरताच तिच्या फोनवर अभिनंदनाचे एवढे संदेश आदळले होते की फोन गरम झाला होता. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि पान वरपासून खालपर्यंत वाचू लागली. वाचायला बराच वेळ लागला, कारण पान बरेच लांब झाले होते.

"आबा, माझं लगीन कधी ठरलं?"

"कंस वाच," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "पोरीनं सांगितलं होतं, दुसरं काही करू नका म्हणून. ऐकतंय कोण?"

मुक्ता रागावेल, अशी माझी तयारी होती. मी खुलाशाचे चार मुद्देही जुळवून ठेवले होते. पण ती रागावली नाही. तिने विचारले, "किती जण येतील, आबा?"

"आमच्या पत्रिकेला माणसे आली नाहीत असे कधी झालेले नाही," मी म्हणालो. हे मी अभिमानाने म्हणालो नाही, पण सत्य होते.

तिने पान पुसले नाही. एकाही विनीताचे नाव काढले नाही. फक्त तळाशी एक ओळ घातली : 'कृपया आहेर आणू नये. घरात जुन्या वाणाचे बियाणे असल्यास मूठभर आणावे.' आणि रंगनाथरावांना फोन करून सांगितले, "मामाआजोबा, तेवढं पुन्हा सगळ्यांना पाठवा." ही ओळ मुक्ताची, हे मी मान्य करतो आणि कोणत्याही पंगतीत मान्य करीन. परंतु ओळ घालायला आधी पान लागते.

शनिवारी सकाळी सभागृहात वीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. पावणेअकराला सोनपेठच्या दोन जीप उतरल्या. सर्वांत पुढे फेटा बांधलेले रंगनाथराव. मागोमाग आमचे पेडगाव. मग येलदरीचे किसनराव, सपत्नीक, नवे धोतर. खुर्च्या संपल्या, लोक सतरंजीवर बसले, मग पायऱ्यांवर. अकरा वाजता समितीचे तिघे आले आणि त्यांच्या प्रमुख बाई दारातच थबकल्या.

"हे सगळे कोण?"

"शेतकरी, मॅडम," मुक्ता म्हणाली.

"सगळे?"

"म्या पोरीच्या बापाचा मामा," रंगनाथरावांनी स्पष्ट केले.

बाईंनी त्यांना विचारले, "आणि आपण काय आणलंय?"

रंगनाथरावांनी उपरण्याची गाठ सोडली. आत हुरड्याची गूळभेंडी ज्वारी होती. त्यांची आई ती कणसे चुलीवरच्या आढ्याला कशी टांगायची, हे ते सांगू लागले, आणि त्या दिवशी त्या माणसाने एकही गोष्ट फुगवून सांगितली नाही. त्यांच्यानंतर एकेक जण उठला. कोणाच्या पिशवीत अंबाडी, कोणाच्या रुमालात वाल. किसनरावांनी पत्नीने पदराआडून पुढे केलेले एक गाठोडे घेतले आणि सोडले, तर आत राळे. उंदरांनी संपवले होते, तेच. मुक्ताने ओंजळ पुढे केली.

पाचही मुले खाली बसून फोनवर नावे चढवू लागली. जिथे दोन दिवस विनीत होते, तिथे आता प्रत्येक विनीतासमोर त्याचे बियाणे लिहिले जात होते. 'श्री. रंगनाथराव, सोनपेठ : गूळभेंडी.' बाईंनी ती यादी सभागृहातल्या पडद्यावर शेवटपर्यंत वाचली आणि त्या म्हणाल्या, "एक कपाट पुरणार नाही तुम्हाला."

मी कोणाचे ऋण मानीत नाही, असा माझा लौकिक आहे. तरीही त्या दिवशी भाड्याच्या जीप करून आलेल्या माणसांचे, लग्न नाही असे कळल्यावरही जागचे न उठणाऱ्या किसनरावांचे आणि आपल्या आजोबाचा मजकूर चारचौघांत न पुसणाऱ्या त्या पोरीचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते मी येथे लिहून देतो. (रंगनाथरावांचेही. पण हे त्यांना वाचून दाखवू नये.)

राहता राहिला मूळ वाद. मंडळ मी बुडवले की तारले, याचा निकाल एका गोष्टीने लागतो. त्या खोलीच्या दोन किल्ल्या मिळाल्या. एक मुलांच्या प्राध्यापकांकडे राहिली, आणि दुसरी मुक्ताने सर्वांदेखत माझ्या हातावर ठेवली : "आबा, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. आमी हरवू." बुडवणाऱ्याच्या हाती कोणी किल्ली देत नाही. ती आजही माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. (संकेतस्थळाचा पासवर्ड मुलांनी त्याच दुपारी बदलला, आणि तो मला अद्याप कोणी सांगितलेला नाही.)