आक्कासोबत दौंडला

निमोण्यात डॉक्टर सुदर्शनचा सत्कार झाला तेव्हा सरपंचांनी माईकवरून दणक्यात सांगितलं, "आपल्या गावचा पोरगा अमेरिकेत फोटो काढायचं लई मोठं खातं सांभाळतो!" टाळ्या पडल्या. सुदर्शन नुसता हसला. कसले फोटो, हे सांगायची सोय नव्हती. पुढच्या रांगेत सगळ्या आत्या-मावश्या बसल्या होत्या.

एवढी मोठी संशोधन संस्था चालवणारा हा गडी. परदेशात नवखा होता तेव्हा अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर एक्स-रे बघायचा. तिथंच एका अनोळखी बाईच्या स्तनाची फिल्म बघताना त्याला एकदम आई आठवली. धुरपदाबाई पोलक्याच्या आत फडकं बांधायची, हात वर करायला नको म्हणायची. घरात विचारलं की, "छातीत दुखतंय जरा." तो तेव्हा पुण्यात डॉक्टरकी शिकत होता आणि आईनं सगळं अंगावर काढलं, त्यातच गेली. त्या फिल्मनंतर तो हा आजार वेळेत कसा सापडेल याच्याच मागे लागला. देशोदेशी भाषणं ठोकली. फक्त थोरल्या बहिणीपुढं, सुवर्णाआक्कापुढं, त्याची जीभ कधी रेटली नाही.

सत्कार उरकल्यावर दोघं बहीणभाऊ शेवंतीच्या रानात गेली. लहानपणी इथंच दोघं पाट्या भरायची आणि आई बांधावरून ओरडायची, "कळ्या तोडू नका रं!" तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून त्यानं काय वाटेल ते दिलं असतं. आता आक्काचेही केस पिकले होते. हिलाही आईसारखं गमावलं तर?

फुलांकडं बघतच तो बोलून गेला, "आक्का, आईला स्तनाचा कॅन्सर व्हता. म्हंजी तुलाबी धोका हाय. एकदा तपासून घे."

फुलं खुडणारा आक्काचा हात थांबला. "मला ठावं हाय. मीच अंघोळ घालायची की तिला. गाठ फुटली व्हती. म्हनायची, सुदर्शनला सांगू नगं, पोरगा हाय, लाज वाटती."

एवढी वर्षं आपणच काय ते ओळखलं, असं सुदर्शनला वाटत होतं.

पुन्हा फुलं खुडत आक्का म्हणाली, "तपासते. पन शिरूरला न्हाई, तिथं समदी वळखीची. दौंडला जाऊ. आन् तू आत यायचं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी दौंडला आक्का डॉक्टरीणबाईंकडं आत गेली आणि हा बाहेर बाकावर, तिची पिशवी मांडीवर घेऊन. आतल्या एक्स-रे यंत्राचा मोठा जाणकार, पण पिशवीचे बंद उगाच सोडत-बांधत होता. नर्सनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"भाऊ," तो म्हणाला. डॉक्टर आहे हे सांगायचं त्याला सुचलंच नाही.

बऱ्याच वेळानं आक्का पदर सारखा करत बाहेर आली. "काय न्हाई निघालं. एवढंच व्हय रं? घडीभर दाबतंय यंत्र, बस."

पिशवी घेता घेता ती थांबली.

"आई आली असती बघ. तुला असंच भाईर बसवलं असतं, पन आली असती."