इंजिनाची आंघोळ

लढाई संपवून मी कडेगावला परतलो, तेव्हा घरच्यांची पक्की समजूत होती की मला यंत्रातलं सगळं कळतं. पलटणीत मी लॉरी चालवत होतो, दुरुस्त करत नव्हतो. पण हे स्वतःच्या तोंडानं सांगतो कोण? माझ्याच भरवशावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, मोटेचे बैल विकले आणि विहिरीवर जुनं तेलाचं इंजिन बसवलं.

बेंदूर आला. बैलांना न्हाऊ घालायचा सण, आणि गोठा रिकामा. आबांनी इंजिनालाच न्हाऊ घातलं, चाकाला गेरू लावला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होईना. हँडल मारून मारून खांदे भरून आले, तरी नुसतं फुसफुस. पावसाचा पत्ता नव्हता, ऊस पिवळा पडत होता. माझं डोकं फिरलं.

"आवं आबा, इंजनाला कुणी आंगूळ घालतं व्हय? पाणी शिरलं की आत!"

"बैलाच्या जागी आलंय न्हवं ते," एवढंच म्हणून आबा बांधावर जाऊन बसले. मग ते इंजिनाकडं फिरकलेच नाहीत.

चार दिवस मला काही म्हणता काही उमगेना. टाकी रिकामी करून वाळवली, तेल फडक्यातून गाळलं, नळ्या फुंकल्या. पाण्याचा थेंब निघाला नाही. मग ते गेलं कुठं? आणि गेलं असेल तर हे पेटत का नाही? हँडल तर महिनाभर हलकंच फिरत होतं. मी खुशाल समजत होतो, सवयीनं हाताला जोर आलाय!

शेवटी सांगलीहून मिस्त्री आणला. त्यानं हँडल एकदाच फिरवलं.

"आत दाबच धरत न्हाई गड्या," म्हणत त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा झिजून तुटल्या होत्या. "लय दिसांचं दुखणं हाय हे. हँडल हलकं लागलं, तवाच कळाय पायजे व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या रिंगा बसल्या, इंजिन धडधडलं, पाटाला पाणी आलं. आबा बांधावरून उठून आले, पण हात मागं बांधून दूरच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, आता मी हात लावला तर चालंल न्हवं?"

मिस्त्रीला काही कळेना. तो माझ्याकडं बघायला लागला आणि मी मान खाली घातली.