डावीकडचा बाण

पाटीवाल्यांच्या घरात कोरी जागा म्हणून शिल्लक राहिली नव्हती. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', मीटरच्या पेटीवर 'हात लावू नये', आणि माझी म्हणून काही जागा आहे का या घरात, असं बायकोनं एकदा वैतागून विचारल्यावर तिच्या खुर्चीच्या पाठीवर सुबक अक्षरांत 'हिची'. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. ब्रश हातात नसला की त्यांची बोटं शिवशिवायची.

पुढे छापील फलक आले. दुकानदार तासाभरात हवा तो फलक छापून आणायला लागले आणि पाटीवाल्यांकडे मोजकी कामं उरली. त्यातलं मानाचं काम शाळेचं. सभागृहातल्या लाकडी फलकावर दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव सोनेरी रंगात लिहायचं. आणि दुसरं फुकटचं, पण जीव अडकलेलं काम म्हणजे गावामागच्या डोंगरावरचे बाण.

डोंगरावर हिंडणाऱ्या हौशी लोकांचं गावात एक मंडळ होतं. दातांचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. सुरुवातीच्या काळात दोन-तीन माणसं वाट चुकून भलत्याच खोऱ्यात उतरली, तेव्हा वाटेवर खुणा करायचं ठरलं आणि काम पाटीवाल्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते गळ्यात हार पडल्यासारखं घेतलं. दोनशे बारा बाण. दगड आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, शेवाळ काढायचं, वाळू द्यायचा, मग पिवळ्या रंगाचे दोन हात. बाण वीतभर लांब, शेपूट चार बोटं रुंद. एका बाणापाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. दरवर्षी एकदा सगळे बाण पुन्हा रंगवायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या बाणामुळे एकही माणूस चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणी विचारलं तरी सांगायचे, नाही विचारलं तरी सांगायचे.

एक चूक मात्र त्यांच्या हातून झाली होती. ती ते सांगत नसत.

चार वर्षांपूर्वी डोंगराच्या एका खोबणीत मोठ्या शृंगी घुबडानं अंडी घातली. पाटीवाल्यांना ती सगळ्यांआधी दिसली. आता इतकी दुर्मीळ गोष्ट दिसल्यावर पाटीवाला काय करणार? त्यांनी खालच्या दगडावर एक छोटा बाण काढला आणि त्याखाली लिहिलं, 'घुबड'. अक्षर फार देखणं आलं होतं. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. रविवारी चाळीस माणसं आली. कुणी उजेड पडावा म्हणून समोरच्या फांद्या तोडल्या, कुणी घुबडानं डोळे उघडावेत म्हणून खडे मारले. तिसऱ्या दिवशी घुबड उडून गेलं ते परत आलंच नाही. पाटीवाल्यांनी वर चढून अंड्यांना हात लावून पाहिला. गार होती. खाली उतरून त्यांनी टर्पेंटाइननं तो बाण पुसला.

यंदा ते बाण रंगवत वरच्या फाट्यापर्यंत पोहोचले. इथे वाटेचे दोन भाग होतात. उजवी वाट खडकाळ माळ ओलांडून दहा मिनिटांत कड्यावर जाते, जिथून सगळं खोरं दिसतं आणि सगळे फोटो काढतात. डावी वाट जुन्या दगडखाणीला वळसा घालून, अर्धा-पाऊण तास दमवून, काहीही न दाखवता पलीकडे उतरते. पाटीवाल्यांनी फाट्यावरचा उजवा बाण रंगवला आणि माळावरच्या पुढच्या दगडाकडे निघाले, जिथला गेल्या वर्षीचा बाण उन्हापावसानं पार उडाला होता. डबा टेकवायला जागा बघत असताना त्यांच्या पायापाशी दोन खडे दिसले. दोन्ही एका मापाचे, आणि दोन्हींवर सारखेच तपकिरी ठिपके.

दुसरा कुणी असता तर डबा ठेवून मोकळा झाला असता. पण पाटीवाल्यांनी आयुष्यभर दगड घासले होते. एकासारखा दुसरा दगड त्यांनी अजून पाहिला नव्हता. ते जागच्या जागी थबकले. दहा पावलांवर, मातीच्याच रंगाचा एक पक्षी जमिनीला चिकटून बसला होता आणि मोठ्या पिवळ्या डोळ्यानं त्यांच्याकडे एकटक बघत होता.

ते आल्या पावली मागे सरकले. घरी येऊन पक्ष्यांचं जुनं पुस्तक काढलं. करवानक. उघड्या माळावर, घरटं न करता, नुसत्या जमिनीवर अंडी घालणारा. या डोंगरावर तो गेल्या वीस-बावीस वर्षांत कुणाला दिसल्याचं ऐकिवात नव्हतं. यावेळी त्यांनी ब्रशला हात लावला नाही. ते सरळ वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथला अधिकारी त्यांच्याबरोबर वर आला, लांबूनच दुर्बिणीतून बघितलं आणि खाली उतरताना म्हणाला, "पिल्लं उडेपर्यंत इकडे माणूस फिरकता कामा नये. कुत्रीही नकोत. आणि काका, पाटीबिटी लावू नका. पाटी लावली की लोक बघायला येतात."

"मला सांगताय?" पाटीवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी बसून करडा रंग मिसळला. काळा, पांढरा, थोडा तपकिरी, चिमूटभर हिरवा. फाट्यावरच्या दगडाशी तो जुळेपर्यंत चार फेऱ्या मारल्या. मग उजवीकडचा बाण त्या रंगाखाली गाडला, आणि शेजारच्या दगडावर, आयुष्यात पहिल्यांदा, चुकीच्या दिशेचा बाण काढला. डावीकडे. बाण पूर्ण झाल्यावर मात्र त्यांनी सवयीप्रमाणे मागे सरकून तो पाहिला नाही.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. तिची बहीण दातांच्या डॉक्टरांच्या शेजारी राहायची आणि दोघी बहिणींच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे.

तीन-साडेतीन आठवड्यांनी मंडळाची वार्षिक फेरी निघाली. साठ माणसं, त्यात बाहेरगावचे पाहुणे. फाट्यावर नव्या सभासदांची पुढे गेलेली तुकडी बाणाप्रमाणे डावीकडे वळली आणि बाकीचे त्यांच्यामागे. जुन्या माणसांना शंका आली, पण पाटीवाल्यांचा बाण आहे म्हटल्यावर ती त्यांनी गिळली. ऐन उन्हात सगळे दगडखाणीत पोहोचले. पाहुण्यांतल्या एका बाईचा गुडघा धरला. खोरं कुणालाच दिसलं नाही. डॉक्टरांनी कड्यावर भाषण करायचं ठरवलं होतं, ते त्यांनी खाणीतल्या गंजलेल्या ढकलगाडीवर उभं राहून केलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बैठक बसली. दात दुखणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर सगळे बसले होते आणि चेहरेही त्याला साजेसे होते. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर पाटीवाल्यांना बरं वाटलं असतं.

"काका," डॉक्टर फार मऊ आवाजात म्हणाले, "चुका होतात. वयच आहे. डोळे कधी तपासले होते?"

पाटीवाल्यांनी समोर पाहिलं. भिंतीवरच्या दातांच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ त्यांना तिथून स्वच्छ वाचता येत होती. खरं काय ते एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. सगळ्यांनी पाठ थोपटली असती आणि रविवारी दुर्बिणी घेऊन साठाच्या साठ माणसं माळावर आली असती. अंडी नुकतीच फुटली होती. दोन पिल्लं होती, आणि त्यांना पळता येत होतं पण उडता येत नव्हतं.

"नजर कमी झाली आहे," पाटीवाले म्हणाले.

हे बोलताना त्यांना जे वाटलं ते सरळच सांगायला हवं. त्यांना लाज वाटली. खोटं बोलल्याची नव्हे, ते खोटं सगळ्यांनी इतक्या पटकन खरं मानलं याची. बाण रंगवायचं काम पुढे नर्सबाईंकडे द्यायचं ठरलं. नर्सबाई म्हणजे सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी, कमी बोलणारी, भराभर चालणारी बाई. पाटीवाल्यांसाठी शाल आणायचं ठरलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठ दिवसांनी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला की यंदाचं नाव छापूनच चिकटवणार आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका. पाटीवाल्यांनी सोनेरी रंगाची बाटली कपाटात मागे सारली आणि त्या दिवशी जेवणावरून लवकर उठले.

बायको हे सगळं बघत होती. हाच माणूस ताटातला केस वाढायच्या आधी शोधून काढतो आणि पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याचं बटण तुटलंय ते सांगतो, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून एक चष्मा आणून त्यांच्यापुढे ठेवला. साध्या काचेचा, बिननंबरी.

"काय चाललंय ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "पण एवढं खोटं बोलायचं तर चष्मा तरी लावून बोला. लोक मला विचारतात."

पाटीवाल्यांनी निमूटपणे चष्मा लावला. दिवसभर त्यांच्या नाकावर वळ उठलेले असायचे.

मग एका शुक्रवारी नर्सबाई आल्या. "डॉक्टर म्हणाले, रविवारच्या आत फाट्यावरचा बाण नीट करा. मला रंग कसा लावायचा ते दाखवता का?"

पाटीवाल्यांनी सगळं दाखवलं. तारेचा ब्रश कसा धरायचा, रंग किती पातळ करायचा, शेपटीकडून टोकाकडे हात कसा न्यायचा. पिवळ्या रंगाचा डबा दिला. आपला खारीच्या केसांचा ब्रश दिला, जो त्यांनी आजवर कुणाला हातात धरू दिला नव्हता. खरं सांगायचं वाक्य तीनदा जिभेवर आलं आणि तिन्ही वेळा त्यांना गार अंडी आठवली. बाई चांगली होती. पण घुबडाच्या वेळी आलेली चाळीस माणसंही काही वाईट नव्हती.

"फाट्यावरचा दगड ओला असतो," शेवटी ते म्हणाले. "पंधरा-वीस दिवस वाळू द्या, मग रंगवा."

"या उन्हात ओला?" नर्सबाईंनी विचारलं.

"असतो एखादा दगड."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, डबा उचलला आणि गेल्या.

शनिवारी सकाळी पाटीवाल्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा दोनदा गार झाला. बायकोनं तिसऱ्यांदा केलाच नाही. अकराच्या सुमारास दार वाजलं. नर्सबाई उभ्या होत्या. गुडघ्यांना माती लागली होती, कोपरांनाही. जमिनीवर पालथं पडून काहीतरी बघितल्यासारखी.

"काका," त्या म्हणाल्या, "करडा रंग उरलाय का थोडा?"

पाटीवाल्यांनी त्यांना करड्या रंगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"कशाला?"

"उजवीकडच्या दगडावर एक पापुद्रा निघालाय. खालचा पिवळा दिसायला लागलाय. रविवारी कुणाच्या तरी लक्षात येईल."

पाटीवाले आत गेले. मोरीजवळच्या फळीवरून करड्या रंगाचा डबा काढला, काडीनं तळापासून ढवळला, झाकण घट्ट बसवलं. बाहेर येऊन डबा दिला.

"अजून किती दिवस?" नर्सबाईंनी विचारलं.

"अठरा. फार तर वीस."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

सोमवारी संध्याकाळी दातांचे डॉक्टर स्वतः घरी आले. हातात शाल होती आणि चेहरा पडलेला. 'हिची' लिहिलेल्या खुर्चीत ते बसले, अक्षरं वाचून उठले आणि दुसऱ्या खुर्चीत बसले.

"काका, तुमच्यानंतर माणूस मिळणं कठीण आहे हो," ते म्हणाले. "नर्सबाईंनीही तोच घोळ घातला. पुन्हा डावीकडे! काल पुढे गेलेली मंडळी परत खाणीत उतरली, आणि त्यांना शोधत मागोमाग आम्ही. विचारलं तर म्हणतात, मला डावीकडचीच वाट बरोबर वाटली. आता महिनाभर वॉर्डातून सुट्टी नाही म्हणे, नंतर बघू. हे बघा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. पाटीवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो हातभर लांब धरून पाहिला. डावीकडचा बाण नवा कोरा पिवळा होता. टोक थोडं जाड आलं होतं, पण शेपूट सरळ होती. फोटोच्या कडेला उजवीकडचा दगड अर्धवट आला होता. त्याच्यावर काही होतं असं जन्मात कुणाला वाटलं नसतं. करडा रंग तिनं बोटानं टिपून टिपून लावला होता. ब्रशनं लावला तर ओघळ दिसतो, हे तिला त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच सुचलं नव्हतं.

 मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, घडी केली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"हा नर्सबाईंना द्या," ते म्हणाले. "आता त्यांना लागेल."

"तुमचा चष्मा?" डॉक्टर गोंधळले. "अहो, पण नंबर कसा जुळेल?"

आतल्या दारात उभी असलेली बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

"जुळेल," पाटीवाले म्हणाले. "तंतोतंत जुळेल."