देवीच्या चेहऱ्याची नर्स

चंद्रपूरहून अहेरीला जाणाऱ्या एसटीवर तेव्हा एक कंडक्टर होता. हिंदी सिनेमातल्या एका नामांकित खलनायकासारखा हुबेहूब. तसेच बाहेर आलेले डोळे, तसाच रुंद जबडा. तो नुसता "मागं सरका" म्हणाला की गाडीतली माणसं बोचकी, कोंबड्या घेऊन निमूट मागं सरकत. दारात लटकायची कोणाची हिंमत नव्हती. त्याला हे आवडायचं. त्यानं मिशासुद्धा त्या नटासारख्या ठेवल्या होत्या. घरी मात्र तो बायकोला भिऊन असतो, असं त्याच्याच गावची एक दाई मला सांगायची.

पुरुषाचा चेहरा कोणासारखा निघाला तर त्याची अशी गंमत होते. माझा निघाला तेव्हा लोक माझ्या पाया पडू लागले. ते मला चाललं नाही. आजही चालणार नाही.

मी तेव्हा मार्कंड्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. बाळंतपणं, लसी, क्षयाच्या रोग्यांच्या सुया, विहिरीत ब्लिचिंग पावडर, सगळं माझ्याकडे. माझा भाऊ ऊर्जानगरला फिटर होता. त्याच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला होता, आणि त्या दिवसांत रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची. एका रविवारी मी तिथं होते. आजूबाजूच्या पाच-सहा घरांतल्या बायका चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. कोणीतरी टीव्हीच्या डोक्यावर उदबत्तीही लावली होती. पडद्यावर देवी आली. समोर बसलेल्या एका बाईनं हात जोडले, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं आणि वहिनीला म्हणाली, "अवो, ह्या तुमच्या नणंदबाई तं डिट्टो हायेत."

सगळ्या वळून मला पाहू लागल्या. वहिनीला हसू आवरेना. माझी आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "असंल. पण आमची पोरगी आधी जनमली. ती टीव्हीतली हिच्यासारखी दिसते म्हना."

आमच्या घरात देवच नव्हते. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडून दिलं. आईला तेव्हापासून कोणाला हात जोडायची सवय राहिली नव्हती, मला ती लागलीच नव्हती. त्या रविवारी आम्ही हसलो, जेवलो, आणि मी संध्याकाळच्या गाडीनं गावी परतले.

गावात टीव्ही नव्हता. म्हणून मी निर्धास्त होते. पण टीव्हीच्या आधी कॅलेंडर पोचलं. आठवडी बाजारात एक माणूस प्लास्टिक अंथरून देवांच्या तसबिरी विकायचा. त्या वर्षी त्यानं जुन्या, हातानं रंगवलेल्या देवी मागं टाकल्या आणि टीव्हीतल्या नटीचा देवीच्या वेषातला कॅलेंडरवरचा फोटो पुढं मांडला. बघता बघता तो घरोघरी गेला. मी गरोदर बायकांना पाहायला घरात शिरायची, तर भिंतीवर मी. डोक्यावर मुकुट, हात उचललेला, हसू माझ्यापेक्षा बरंच गोड.

आधी पोरी कुजबुजल्या. मग एका म्हातारीनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला, तर तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला. मग मी दारात आले की कोणी उंबऱ्यावर पाणी टाकू लागलं, कोणी उपकेंद्राच्या पायरीवर नारळ ठेवू लागलं. मी नारळ फोडून खोबऱ्याची चटणी करून खाल्ली. एकीनं विचारलं, "बाई, देवीचा नारळ खाल्ला?" मी म्हटलं, "मग देवीनं काय करावं त्याचं?" ती गेली आणि गावभर सांगत सुटली की नर्सबाईच्या तोंडून देवीच बोलली.

इथपर्यंत मी चिडत होते, पण चालवून घेत होते. मग क्षयाचा एक रोगी सुईला यायचा बंद झाला. मध्यम वयाचा, धानाची शेती करणारा माणूस. दोन महिने न चुकता आला होता, अंगावर जरा मांस चढू लागलं होतं. मी त्याच्या घरी गेले. तो बाजेवर बसून बिडी ओढत होता.

"काऊन आले नाई?" मी विचारलं.

"आता कायले सुई, बाई? त्या दिवशी तुमच्या पायावर डोस्कं ठेवलं ना मी. तवापासून खोकला कमी हाय."

मी त्याच्या तोंडातली बिडी काढून विझवली, त्याला तिथंच बाजेवर पालथा पाडला आणि सुई टोचली. पुढं रोज त्याच्या घरी जाऊन टोचली. देवीला हे काम करावं लागत नाही. ती भिंतीवर हात उचलून उभी असते.

आमचे डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटेच असायचे, कामाला पक्के. त्यांनी ही गोष्ट वेगळ्या बाजूनं पाहिली. दोन टोल्यांवर, गावाबाहेरच्या वस्त्यांवर, जिथं लस म्हटलं की बाया पोरं घेऊन जंगलात जायच्या, तिथं त्या महिन्यात पोरं आपणहून आली होती. डॉक्टर खूश होते. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा जवळ आली होती. तिथं आमचा दरवर्षी मंडप असायचा. ते म्हणाले, "सिस्टर, जत्रेत तुम्ही पुढं बसा. डोक्यावर पदर, मोठं कुंकू. लोक रांग लावतील."

"मी कुंकू लावत नाही, डॉक्टर."

"एक दिवस लावा. चेहरा तुमचा आहे, तर वापरा ना."

"माझा आहे म्हणूनच नाही वापरत."

ते वैतागले. "पोरांना लस मिळते ना? मग कोणाच्या तोंडाकडे बघून मिळते त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

मला क्षयाचा माणूस सांगावासा वाटला, आणि मी सांगितलाही. एक रोगी म्हणजे सगळे नव्हेत, असं ते म्हणाले. त्यात तथ्य होतं. पण मी मंडपात पांढऱ्या साडीत, उघड्या कपाळानं बसले.

जत्रेत वैनगंगेच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. देवळांच्या बाजूनं घंटा, खाली नदीत अंघोळी, काठावर बैलगाड्या सोडलेल्या. आमचा मंडप रस्त्याच्या कडेला होता. दुपार चढत होती तेव्हा आमच्या गावातली एक म्हातारी सुनेला ओढत मंडपात आली. सुनेच्या खांद्यावर वर्षाची पोर होती. म्हातारी चांगल्या शेतीवाडीच्या घरची, जिभेनं तिखट, या नातीवर मात्र जीव टाकणारी. तिच्याकडे मी गेले की ती ओंजळ करायला लावून वरून पाणी ओतायची. पेला कधी हातात दिला नाही. या भागात माणूस कोणत्या जातीचं हे त्यानं नाव सांगायच्या आधीच लोकांना ठाऊक असतं. कॅलेंडर आल्यापासून तीच म्हातारी वाकून माझ्या पाया पडायची, आणि उठून पाणी मात्र वरूनच ओतायची. पायाला विटाळ नव्हता, पाण्याला होता.

पोर सुनेच्या खांद्यावर पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडली होती. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. मी पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती तशीच उभी राहिली. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. आदल्या दिवसापासून हगवण होती आणि सकाळपासून लघवी झाली नव्हती. घोट गिळू शकत होती एवढीच चांगली गोष्ट.

"डोस्क्यावर हात ठेवा, बाई," म्हातारी म्हणाली. "मंग आमी देवाचं दर्शन घेऊन घरी जातो."

"हात ठेवून काही होत नाही. इथं बसा. हिला पाणी पाजायचं आहे."

जलसंजीवनीची पुडी फोडून मी माझ्या भांड्यात, माझ्या हातानं उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली होती. पेला भरून सुनेपुढं धरला. म्हातारीनं मध्ये हात घातला.

"पुडी द्या, बाई. आमी घरी करून पाजतो."

"घरी जाईपर्यंत ही राहणार नाही."

"असं अभद्र काऊन बोलता? तुमी तं देवी हाये आमच्या."

"देवी आहे तर माझ्या पेल्यातलं पाणी का नको?"

म्हातारीचा हात पेल्याच्या आड तसाच राहिला. सुनेनं पेल्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

डॉक्टर मागून आले. त्यांनी पोरीला पाहिलं आणि मला दोन पावलं बाजूला घेतलं. आवाज खाली करून म्हणाले, "तीर्थ म्हणून द्या. एक शब्द आहे फक्त. म्हातारी आनंदानं घेईल. सिस्टर, ही वेळ नाही हट्टाची."

मी पोरीकडे पाहिलं. खरं सांगते, तो शब्द जिभेवर आला होता. पण तीर्थ कसं घेतात ते मी लहानपणापासून बाहेर उभं राहून पाहिलं होतं. हातावर पळीभर घेतात, ओठाला लावतात, ओला हात डोक्यावरून फिरवतात आणि उठतात. एका पळीनं काम झालेलं असतं. या पोरीला संध्याकाळपर्यंत तांब्यामागून तांब्या पाणी लागणार होतं. चमच्या-चमच्यानं, ओकली तर थांबून पुन्हा, प्रत्येक जुलाबानंतर पुन्हा, आणि घरी गेल्यावर रात्रभर. पळीभर तीर्थ पाजून म्हातारी तिला घेऊन गर्दीत शिरली असती आणि वाटेत पोर संपली असती.

"हे पाणी आहे, डॉक्टर. मी पाणीच म्हणणार."

मी परत जाऊन सुनेसमोर मांडी घातली. सासूकडे पाहिलंच नाही. "बाई, ऐक," मी म्हटलं. "मी देवी नाही. तुझ्या सासूला माझी जात माहीत आहे, तुलाही आहे. हे मीठसाखरेचं पाणी आहे, माझ्या हातचं. तुझ्या पोरीच्या अंगातलं पाणी वाहून गेलं आहे, ते परत भरायचं आहे. तू पाजशील तर ती जगेल. मी हात ठेवल्यानं जगणार नाही. आता तू ठरव."

बाहेर भोंग्यावर कोणाच्या तरी हरवलेल्या बायकोचं नाव पुकारत होते. सुनेनं पोर मांडीवर आडवी घेतली आणि माझ्या हातातून पेला घेतला.

"घरी गेल्यावर पाहून घेईन तुले," म्हातारी म्हणाली.

"पाहा ना," सून म्हणाली. "पोट्टी राहील तं पाहायले कोनी असंल."

पहिले चार चमचे पोरीनं ओकून टाकले. म्हातारीला जोर आला. "पाहा, उलटून राह्यली. बाटलं ना सगळं." मी म्हटलं थांब, आणि पुन्हा. सून थांबली आणि पुन्हा पाजलं. मी तिच्या हातातला चमचा घेतला नाही. घरी हेच तिला एकटीनं करायचं होतं. डॉक्टरांनी जीप तयार ठेवायला सांगितली. पिणं टिकलं नाही तर गडचिरोलीला न्यायचं आणि शिरेतून पाणी द्यायचं. ते माझ्याशी बोलत नव्हते. चूक झाली असती तर ती माझीच ठरली असती, आणि मला ते कबूल होतं.

देवळाच्या सावल्या मंडपापर्यंत आल्या तेव्हा सून एकदम म्हणाली, "बाई, लुगडं ओलं झालं." तिच्या मांडीवरून लघवीची धार जमिनीवर आली होती. मी आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं केली, पण इतकं छान काही फारच कमी वेळा पाहिलं. पोर डोळे उघडून पेल्याकडे हात करत होती.

म्हातारी पाठ करून बसली होती. तिनं वळून पाहिलं, लघवीचा ओघळ पाहिला, आणि पदरानं तोंड पुसलं. मग हात जोडून माझ्याकडे यायला निघाली. मी म्हटलं, "आजी, माझ्याकडे नका येऊ. सुनेला भाकर द्या, सकाळपासून उपाशी आहे ती."

डॉक्टर नंतर म्हणाले, "तुम्ही जुगार खेळलात, सिस्टर." मी म्हटलं, "तीर्थ म्हटलं असतं तर मोठा खेळले असते." त्यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. पावसाळ्याआधी माझी बदली अहेरीकडच्या जंगलात झाली. त्यांनी करवली की नुसती बदलीची पाळी आली होती, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी सुनेला काचेच्या बाटलीत पाणी भरून दिलं, आणि आणखी पुड्या दिल्या. तिघी वाळूवरून गावाच्या वाटेला लागल्या. म्हातारी पुढं, तरातरा. सून थोडं चालायची, खाली बसायची, पोरीला चमचाभर पाजायची आणि उठायची. ती बसली की पुढं म्हातारीही थांबायची. मागं वळून बघायची नाही, बोलायची नाही. पण सून उठेपर्यंत एक पाऊलही पुढं टाकायची नाही.